आबांची कॅलेंडरं

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात रोजनिशी लिहिली नाही. "डायरी लिवायला मी काय कलेक्टर हाय का?" असं म्हणायचे. पण रोज दिवेलागणीला ते भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभे राहायचे. खिळ्याला सुतळीनं बांधलेला बॉलपेन धरायचे, दोनदा झटकायचे आणि त्या दिवसाच्या चौकोनात दोन-चार शब्द लिहायचे. चौकोन केवढा, तर आगपेटीएवढा. त्यातही तिथी, नक्षत्र, एखादा सण आधीच छापलेला. उरल्या जागेत आबांचा दिवस.

डिसेंबर २०१६ मध्ये आबा गेले. तेराव्यानंतर माळवदावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वाटलं होतं, जुनी भांडी असतील. निघाली कॅलेंडरं. १९७४ पासूनची, वर्षवार गुंडाळून वर नाडा बांधलेली. मधली दोन वर्षं वाळवीनं खाल्ली होती, बाकी सगळी शाबूत. पुढचे चार दिवस मी ती ओसरीवर पसरून वाचत बसलो. थोरला भाऊ म्हणाला, "दुधाचे हिशेब वाचून काय मिळणारंय तुला?" त्याचंही खरं होतं. निम्म्याहून जास्त चौकोनांत दूधच होतं.

आमचं मिरजगाव कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर. नगरहून निघालं की रुईछत्तीशी, घोगरगाव आणि मग आम्ही. पुढं करमाळा लागला की सोलापूर जिल्हा. पूर्वेला आष्टी तालुका, म्हणजे मराठवाडा, म्हणजे एकेकाळचं निजामाचं राज्य. त्यामुळं आमच्या आजीच्या पिढीचं कालगणन निराळंच. आबांचा जन्म कधीचा, तर "रझाकाराच्या धामधुमीत. पोलीस ॲक्शनच्या आधी दीड म्हैना." म्हणजे १९४८ चा पावसाळा. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९४७. गुरुजींनी लिहिलं ते खरं. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला सहा वर्षं पुरी दिसली पाहिजेत, म्हणून अख्ख्या वर्गाचा जन्म १ जूनला. आमच्या भागात आजही कुठल्याही म्हाताऱ्याचं आधार कार्ड बघा, दहातले सात जण त्याच दिवशी जन्मलेले.

तारखेशी असं नातं असलेल्या घरात हा माणूस रोजची तारीख लिहायला कसा शिकला, याचं उत्तर १९७२ मध्ये आहे. आबा सातवी शिकलेले. दुष्काळात विहीर कोरडी पडली, बैल विकले, आणि आई-आबा दोघंही दुष्काळी कामावर गेले. आई खडी फोडायला. आबाही पहिले पंधरा दिवस खडीवरच होते. पुढं कारकुनाला कळलं की या पोराचं अक्षर बरं आहे. मग हजेरीपट भरायचं काम आबांकडं आलं. मे १९७३ मध्ये राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती असं मी पुढं पुस्तकात वाचलं. त्यातली एका गँगची नावं आबांच्या हातची. नाव, अंगठा, दिवस, पैसे. एखाद्याचा खाडा चुकून पडला तर त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही, हे त्यांनी बघितलं होतं. "लिवलं न्हाय तर झालंच न्हाय," हे वाक्य त्यांचं तिथलं. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीची चव ते कधी सांगायचे नाहीत, हजेरीपटाच्या गोष्टी मात्र सांगायचे.

काम सुटलं, हजेरीपट गेला, पण हाताला सवय राहिली. जयंत साळगांवकरांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' काढलं होतं. त्याचं १९७४ चं कॅलेंडर आबांनी नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर घेतलं. पंचांग भटजीकडं असतं, ते आपल्या भिंतीवर आलं याचंच त्यांना अप्रूप. आजोबा चिडले होते म्हणे. एकादशी बघायला पैसे कशाला?

पहिल्या वर्षीच्या नोंदी पावसाच्या. आबांकडं पाऊस मोजायचं यंत्र नव्हतं, त्यांची मापं वेगळी होती. "वळचण गळाली." "ढेकूळ भिजलं." "पाभर चालेल." "ओढा आला." आमचा भाग रब्बी ज्वारीचा. मृगाकडून फार आशा नसते, सगळा जीव उत्तरा-हस्तात अडकलेला. मोहोळच्या केंद्रातनं आलेली मालदांडी पेरायची आणि हत्ती बरसायची वाट बघायची. कॅलेंडरात नक्षत्राचं वाहन छापलेलं असायचं. वाहन म्हैस किंवा बेडूक असलं की आबा खुलायचे. आणि पाऊस नाही आला की त्या वाहनापुढं बारीक अक्षरात लिहायचे, "खोटं."

आईला लिहिता येत नव्हतं. पण त्या कॅलेंडरावर तिचाही अंमल होता. दुधाच्या रेघा तिच्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की ती त्या तारखेला कुंकवाचा ठिपका द्यायची आणि आबांकडून एकवीस दिवस मोजून घेऊन तिथं दुसरा. गाय फळल्याचं आबा लिहायचे, "डॉक्टर आले. एचएफ." आणि नऊ महिने नऊ दिवसांनी आईचा ठिपका, कालवड झाली तर मोठा, गोऱ्हा झाला तर बारका. घरच्या गावठी गायीच्या रेघा दिवसाला दोन-तीन. ऐंशीनंतर संकरित गाय आली तशा रेघा दाटत गेल्या, मग रेघा सुटल्या आणि लिटर आले. आमच्या घरात चहा सकाळ-संध्याकाळ कधीपासून व्हायला लागला हे मला त्या रेघांवरून काढता येतं.

आबांना यंत्रांचा नाद होता. नाद म्हणजे परवडत नसताना असलेली हौस. पहिला रेडिओ, मर्फीचा, तोही जुना घेतलेला. "रेडिओ लायसन – पोष्ट" अशी नोंद दरवर्षी सापडते. आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही की रेडिओ ऐकायला सरकारचं लायसन लागायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. सकाळी सातच्या पुणे केंद्राच्या बातम्या, सुधा नरवणेंचा आवाज, त्यावर गोठ्यात धारांचा आवाज. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभाव. "सेल २" ही नोंद साधारण दीड महिन्यानं यायची. सेल संपत आले की आबा ते उन्हात वाळवायचे, दाताखाली चेपायचे, आणखी दोन-तीन दिवस काढायचे. बुधवारी रात्री सिलोनवर गीतमाला ऐकायला आळीतली पोरं जमायची. आबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. गर्दी आवडायची.

मोठ्या घटना रेडिओवरून चौकोनात उतरत. पण आबांच्या लेखी त्यांना जागा जास्त नसे. ३१ ऑक्टोबर १९८४, "इंदिराबाई गेल्या. दूध ३ लि." ३० सप्टेंबर १९९३, "पहाटे भांडी वाजली. किल्लारी. लई माणसं." त्याच्या आदल्या चौकोनात गणपती बुडवल्याची नोंद. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारच्या चौकोनात "रामायण" येतं. आमच्या घरी टीव्ही नव्हता. एका घरी होता, तिथं सगळी आळी जायची. आई टीव्हीपुढं हात जोडायची. काही रविवारी फक्त एवढंच, "लाइट नाही."

मनगटावर एचएमटी. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून जपानी सिटिझनच्या मदतीनं बनायला लागलेल्या या घड्याळानं खेड्यात वेळ आणली असं मी म्हणेन. त्याआधी आमच्याकडं "एसटी गेली" हीच वेळ होती. रात्री झोपताना चावी द्यायची, हा नेम आबांनी शेवटपर्यंत पाळला. शेतीची लाइट रात्री बाराला यायला लागली तेव्हा तेच घड्याळ उशाशी घेऊन ते निजायचे. मोटार चालू करायला अंधारात रानात जायचे. या रात्रीच्या पाण्याबद्दल कॅलेंडरात एक शब्द नाही. सकाळच्या चौकोनात "जाग्रण" एवढं कधीमधी.

पण खरा जीव लूनावर. लूना १९७२ मध्ये आली, इटलीच्या पियाजिओच्या गाडीवरून बेतलेली, पन्नास सीसीची. फिरोदिया मूळचे नगरचे, कायनेटिकचा कारखानाही नगर-दौंड रस्त्यावर. त्यामुळं आमच्याकडं लूना ही जवळजवळ पाहुण्यातली. आबांनी ती १९८५ मध्ये घेतली. नगरहून पन्नासेक किलोमीटर स्वतः चालवत आणली. "सकाळी ९ निघालो. १ ला घरी. लूना." त्या दिवशी दुधाचीही नोंद नाही. चार तास का लागले, तर वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबून दाखवली. चढाला पॅडल मारावे लागायचे. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं माप आबा अंदाजानं टाकायचे, मग प्लग काळा पडायचा आणि त्याला पॉलिश पेपर मारत ते दुपारभर बसायचे. आईच्या मते ती गाडी चालवण्यापेक्षा पुसली जास्त. तरी लूनानं आमचं पुष्कळ केलं. दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, मला आणि थोरल्याला एकाच वेळी कर्जतला परीक्षेला नेणं. आणि १९८८ मध्ये अक्काचं लग्न. पत्रिका वाटायला आबा महिनाभर तिच्यावरून फिरले.

अक्का आमच्यात मोठी, १९७० ची. सातवीनंतर तिची शाळा सुटली. कॅलेंडरात ती नोंद आहे, "अक्काचं नाव काढलं." पुढं काही नाही. दोन दिवसांनी, "मास्तर घरी आले." परत पुढं काही नाही. मास्तर काय म्हणाले, आबा काय बोलले, हे त्या आगपेटीएवढ्या जागेत मावलं नाही की लिहायचं नव्हतं, कोण जाणे. आष्टी तालुक्यात दिली तिला. चांगलं घर मिळालं.

आता २००३ चं सांगतो. कारण पेटी उघडली तेव्हा आमच्या घरात एक वेगळंच बोलणं चाललं होतं. आबांच्या माघारी सहा एकर जमीन. त्यात एक एकर लिंबोणी, साठ झाडं, आणि तीच काय ती दरवर्षी पैसा देणारी. वारसनोंद करायची होती. हिंदू वारसा कायदा २००५ मध्ये बदलला आणि वडिलार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्यानंतर काय करतात हेही सगळ्यांना माहीत आहे. बहिणीला जेवायला बोलवतात, साडी नेसवतात, आणि कर्जतला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. अक्का तयारच होती. "मला काय करायची जमीन? माह्यार राहू द्या म्हंजे झालं," असं ती तेराव्यालाच म्हणाली होती. थोरल्यानं कागद करायला दिले होते. मीही नको म्हटलं नव्हतं.

२००२ चा पाऊस गेला. २००३ चा उन्हाळा म्हणजे आमच्याकडं दुसरा बहात्तर, फक्त या वेळी माणसांऐवजी जनावरं छावणीत. आबा रोज लूनावरून छावणीला जायचे. चौकोनांत "टँकर" नाहीतर "टँकर नाही". एप्रिलअखेर लिंबोणीबद्दल, "पान गळतंय." मग "दहा झाडं गेली धरा." मी तेव्हा चाकणला कंपनीत नवा लागलो होतो. त्या आठवड्यात माझी एक नोंद सापडली. "धाकट्याला फोन. पगार झाल्यावर बघू म्हणाला." मला तो फोन आठवत नाही. खोटं कशाला बोलू, अजिबात आठवत नाही. पण "बघू" हा माझाच शब्द.

पुढचे चौकोन जसे आहेत तसे देतो. "अक्का आली. पाटल्या देते म्हणते. नको म्हटलं." दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी, "मोडल्या. २ तोळे. ११ हजार." आठवड्यानं, "बोअर १८० फूट. दीड इंच." आणि त्याच्याखाली, जागा नव्हती म्हणून पुढच्या तारखेच्या चौकोनात घुसवून, "लिंबोणी वाचली."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाटल्या कुठं गेल्या हे अक्कानं सासरी काय सांगितलं असेल, तेही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित पेटी बंद केली असती. पण २००४ च्या कॅलेंडराच्या जानेवारीच्या पानावर, वरच्या कोऱ्या पट्टीत लिहिलेलं होतं, "मागील बाकी: अक्का – पाटल्या २ तोळे." २००५ ला तेच. २००६ ला तेच. दुकानदार नव्या खातेवहीत जुनी बाकी ओढतो तसं आबा दर वर्षी ती ओढत गेले. शेजारी त्या वर्षीचा सोन्याचा भाव. २०१२ मध्ये दोन तोळ्यांचे साठ हजारांच्या आत-बाहेर झालेले, तिथं आबांनी भावाखाली दोन रेघा मारल्यात. बाकीच्या उधाऱ्या, खताच्या, सोसायटीच्या, फिटल्या की आडवी रेघ मारलेली. हिच्यावर रेघ नाही.

२००९ मध्ये आई गेली. त्या चौकोनात "ती गेली" आणि नेहमीसारखं दूध. त्यानंतर कुंकवाचे ठिपके थांबले असतील असं मला वाटलं होतं. पण नाही. कोंबडी बसवली की ठिपका आहेच, एकवीस दिवसांनी दुसरा. फक्त निळ्या बॉलपेनचा. अक्षरं येणारा माणूस "कोंबडी बसवली" असं लिहू शकला असता.

पुढं मोबाइल आला. आबांनी कॅलेंडराच्या कडेला सगळ्यांचे नंबर मोठ्या आकड्यांत लिहिले, कारण फोनमधलं नाव त्यांना दिसायचं नाही. मी नंतर मोठ्या पडद्याचा फोन नेऊन दिला. पंधरा दिवस हवामान बघितलं त्यावर. मग नोंद आली, "फोनमधला पाऊस बी खोटा." नोव्हेंबर २०१६ मध्ये, "५००, १००० बंद." दुसऱ्या दिवशी, "बँक. गर्दी. परत आलो." असे चार दिवस. शेवटची नोंद डिसेंबरातली, "दूध ५."

पेटीत नसलेलं एक कॅलेंडर भिंतीवर होतं, २०१७ चं. दिवाळीतच आणून ठेवलेलं, अजून न उलगडलेलं असं वाटलं होतं. उलगडलं तर जानेवारीच्या पट्टीत मागील बाकी ओढून झाली होती.

मी ती सगळी पानं थोरल्यापुढं ठेवली. तो बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "देऊन टाकू ना पाटल्या. दोनच्या चार करून देऊ. जमिनीचं कशाला मधी?" त्याचं अगदीच चूक होतं असं नाही. शेतात तो राबलाय, मी नाही. दोन पोरं त्याची, कर्ज त्याच्या नावावर. माझं म्हणणं एवढंच होतं की लिंबोणी आज ज्या पाण्यावर उभी आहे ते पाणी कुणाचं, हे आबा तेरा वर्षं लिहीत होते, आणि आपण तिला सही करायला बोलावलंय. आमचं वाजलं. तीन-चार महिने नीट बोलणं नव्हतं. शेवटी हक्कसोडपत्र झालं नाही. सातबाऱ्याला तिघांची नावं लागली. पाटल्याही केल्या, त्याचे पैसे मी दिले. थोरला लिंबोणीचा हिशेब आता एका वहीत लिहितो, तीन रकान्यांत. खूश होऊन लिहितो असं मी म्हणणार नाही.

अक्काला बोलावून पेटी दाखवली त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मला वाटलं, २००३ चं पान बघून तिला रडू येईल. तिनं चष्मा लावला, ते पान बघितलं आणि "हां, तवा उन्हाळा लई वाईट होता" म्हणून बाजूला ठेवलं. मग विचारलं, "माझा जलम कुठंय यात?"

म्हटलं, कॅलेंडरं १९७४ पासूनची, तुझा १९७० चा, कसा असेल? तरी तिनं सगळ्यात जुनं गुंडाळं सोडलं. १९७४ च्या शेवटच्या पानामागं, छापलेल्या मजकुराच्या समासात, आबांनी आडवं लिहून ठेवलेलं होतं. त्यांच्या आई-वडिलांचं, लग्नाचं, विहीर पाडल्याचं, जे जे आधी होऊन गेलं होतं आणि लिहायचं राहिलं होतं ते. त्यात एक ओळ, "अक्काचा जन्म. नागपंचमीच्या आदला दिवस. सांजच्याला. पाऊस होता."

आमच्याकडं नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपास धरतात. अक्का पन्नास वर्षांच्या आसपास आली होती, आणि आधार कार्डावर, रेशन कार्डावर, सगळीकडं तिचा जन्म १ जूनचा.

"म्हंजी मी दर वाढदिवसाला उपाशीच की रे," ती म्हणाली आणि हसायला लागली. जाताना तेवढं एक कॅलेंडर तिनं मागून घेतलं. बाकीची पेटीत आहेत.